रोजची आवराआवर की सुट्टीच्या दिवशीची साफसफाई?

रोज वीस-पंचवीस मिनिटे थोडे थोडे आवरत जावे, की आठवडाभर पसाऱ्याकडे काणाडोळा करून सुट्टीच्या दिवशी सलग चार तास त्यासाठी काढावेत, या प्रश्नाचे सर्वांना लागू पडेल असे उत्तर माझ्याजवळ नाही. मी सुमारे तीन वर्षे दुसरी पद्धत पाळली आणि गेली दोन वर्षे पहिली पाळतो आहे, त्यामुळे दोन्हींविषयी अनुभवाने काही सांगू शकतो.

आठवड्याच्या साफसफाईचा मोठा गुण असा की ती योग्य क्रमाने करता येते. आधी जळमटे आणि पंख्याची पाती, मग कपाटांचे माथे, त्यानंतर सामान आणि अगदी शेवटी फरशी हा क्रम धरला, की वरून पडणारी धूळ दोनदा काढावी लागत नाही. कोरड्या झाडूने उडालेली बारीक धूळ कितीतरी वेळ हवेत तरंगत राहते आणि नुकत्याच पुसलेल्या टेबलावर पुन्हा येऊन बसते, म्हणून ओलसर फडके वापरावे, हेही मी त्याच दिवसांत शिकलो. शिवाय दुपारी सगळे घर एकाच वेळी स्वच्छ झालेले पाहण्यात जे समाधान असते, ते रोजच्या आवराआवरीत क्वचितच लाभते, हे मान्य केले पाहिजे.

स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्या बाबतीत मात्र आठवड्याचे अंतर महागात पडते. शेगडीमागच्या भिंतीवर उडालेले तेल त्याच दिवशी साबणाच्या कोमट पाण्याने सहज निघते. तेच तेल उष्णता आणि हवा यांच्या सान्निध्यात राहिले, की त्याचे रेणू एकमेकांशी जोडले जाऊन वार्निशासारखा चिवट थर तयार होतो आणि मग घासून घासून मनगट दुखू लागते. नळावरचे पांढरे डाग म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. ते व्हिनेगरने विरघळतात, पण संगमरवरही त्याच पदार्थाचा असल्याने तेथे व्हिनेगर लावता येत नाही. रोज नळ कोरडा पुसला तर हा प्रश्न सहसा उद्भवतच नाही. साचलेला राप लवकर निघावा म्हणून दोन द्रावणे एकत्र करण्याचा मोहही आठवड्याच्या पद्धतीतच अधिक होतो आणि तो घातक आहे, कारण ब्लीच आणि आम्लयुक्त क्लीनर एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.

तरीही केवळ एवढ्यासाठी मी पद्धत बदलली नसती. निर्णय झाला तो झोपण्याच्या खोलीतल्या एका खुर्चीमुळे. एकदा घातलेले, पण अजून धुवायला टाकण्याइतके न मळलेले कपडे आठवडाभर त्या खुर्चीवर साठत असत. त्यांखाली कागदपत्रांचे पाकीट, चार्जरची वायर, कुठली तरी अर्धवट वाचलेली पुस्तिका असे बरेच काही दबलेले असे. सुट्टीच्या दिवशी फरशी पुसण्यासाठी मी तो सगळा ढीग उचलून पलंगावर ठेवत असे आणि रात्री झोपायच्या वेळी, अंगात त्राण उरलेले नसताना, तोच ढीग पलंगावरून पुन्हा खुर्चीवर नेत असे. फरशी लखलखीत होई, पण पसारा तसूभरही कमी होत नसे. प्रत्येक वस्तूची जागा ठरवणे हे शांतपणे विचार करण्याचे काम आहे आणि बादलीतले पाणी गढूळ होत असताना, पुढच्या दोन खोल्या वाट पाहत असताना ते माझ्याकडून एकदाही झाले नाही. चार तासांपैकी निम्मा वेळ तरी वस्तू इकडून तिकडे हलवण्यात जात असावा. मी घड्याळ लावून पाहिलेले नाही, पण थकवा मात्र तेवढा जाणवत असे.

आता रात्री जेवणानंतर पाच-सहा वस्तूच समोर असतात, त्यामुळे त्या कुठे जाव्यात हे ठरवायला फारसा वेळ लागत नाही. अर्धवट वापरलेल्या कपड्यांसाठी दाराआड तीन खुंट्या आहेत आणि त्या भरल्या की एक कपडा धुवायला जातो.

या पद्धतीतही उणिवा आहेत. दोन दिवस खंड पडला की तिसऱ्या दिवशी हात लावावासा वाटत नाही, पलंगाखालचे कोपरे हमखास राहून जातात आणि ज्यांना कामाच्या पाळ्यांमुळे रात्री घरी पोहोचताच झोपावे लागते, त्यांच्यावर हा नेम लादणे बरोबर होणार नाही. त्यांच्यासाठी सुट्टीचा दिवसच कदाचित अधिक सोयीचा ठरेल, फक्त त्यांनी पसाऱ्यासाठी वेगळा वेळ काढून मगच बादली भरावी, असे मी सुचवेन. मीही काही कामे आठवड्यावरच ठेवली आहेत. चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुतो, कारण त्या तापमानाला धुळीतले माइट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव, मरतात, आणि पंख्याची पाती महिन्यातून एकदा पुसतो. खुर्ची आता बसण्यासाठी रिकामी असते.