स्वस्तातले परदेशी घडीचे चाकू: उन्हाळा आणि पावसाळाभर वापरल्यानंतर

दोन ते चार हजार रुपयांत मिळणारे, चीनमध्ये बनलेले घडीचे चाकू घ्यावेत का? माझं उत्तर हो असं आहे. फक्त निवडताना बहुतेक जण ज्या गोष्टीकडे पाहतात, तिला फारसं महत्त्व देऊ नये. विक्रीच्या पानावर सगळ्यात ठळक अक्षरांत पोलादाचं नाव असतं. प्रत्यक्षात चाकू किती सहज कापतो हे धारेमागच्या जाडीवर ठरतं आणि धार किती टिकते हे पात्याला पाणी कसं दिलंय, म्हणजे ते तापवून-थंड करून कठीण कसं केलंय, त्यावर. या दोन्ही गोष्टी त्या पानावर सहसा लिहिलेल्या नसतात.

कामं रोजची होती: कुरिअरची खोकी, सुतळी आणि काथ्याचे दोर, खताच्या गोण्या, ठिबकच्या १६ मिमी नळ्या, वायरचं आवरण सोलणं, आणि फळं. चाकू मुख्यतः चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या यांगजियांगचे. त्या देशातल्या चाकूधंद्याचं हे मोठं केंद्र आहे. सानरेनमू ७०१० आणि सिविवी एलिमेंटम यांच्या बरोबरीने गांझोचा आडव्या दांडीच्या लॉकचा चाकू, आणि तुलनेला फ्रान्सचा ओपिनेल नंबर ८.

आधी पोलाद. चिनी नावं वाचायला सोपी आहेत. ८सीआर१३एमओव्ही म्हणजे सुमारे ०.८ टक्के कार्बन आणि १३ टक्के क्रोमियम. ३सीआर१३ म्हणजे कार्बन जेमतेम ०.३ टक्के. असं पातं सहजासहजी गंजत नाही, पण दोन खोकी फाडली की बोथट होतं. नुसतं ‘स्टेनलेस’, ‘सर्जिकल स्टील’ किंवा मागे अक्षर नसलेलं ‘४४०’ लिहिलं असेल तर तो चाकू सोडून द्या. ४४०ए आणि ४४०सी यांच्यातल्या कार्बनमध्ये खूप फरक आहे, आणि ज्याने खरंच ४४०सी वापरलंय तो ‘सी’ लिहायला विसरत नाही.

डी२ सध्या सगळीकडे दिसतं. सुमारे १.५ टक्के कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम असलेलं हे मुळात साचे आणि डाय बनवायचं पोलाद. पुठ्ठ्यावर त्याची धार ८सीआर१३एमओव्हीपेक्षा स्पष्टपणे जास्त टिकते. पण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बाइडच्या, म्हणजे कार्बन आणि धातूच्या कठीण संयुगाच्या, कणांत अडकलेलं असतं, गंज अडवायला मोकळं थोडंच उरतं. त्यामुळे जूनपासून कोकणात, मुंबईत, गोव्यात डी२च्या पात्यावर तांबूस ठिपके येतातच. पहिले ठिपके पात्याच्या मधोमध दिसत नाहीत. ते येतात बिजागरीजवळ आणि अंगठ्याने पातं उघडायच्या खुंटीखाली, म्हणजे जिथे घाम आणि ओल साचते तिथे. कैरी, आवळा, कोकम कापून पातं तसंच मिटलं तर रात्रीत करडे डाग पडतात. किनारपट्टीवर राहणाऱ्याने माझ्या मते १४सी२८एन किंवा १२सी२७ ही स्वीडिश पोलादं शोधावीत. रुइकेच्या अनेक चाकूंना १४सी२८एन असतं. धार डी२पेक्षा थोडी लवकर जाते, पण परत लावायला खूपच कमी वेळ लागतो आणि पावसाळ्यात पात्याची चिंता उरत नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत डी२ खुशाल घ्यावं.

आता पाणी देण्याचं. डी२ साधारण १०१० ते १०३० अंश सेल्सिअसला तापवून थंड करतात आणि मग पुन्हा मंद तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवतात. यात घाई झाली की तेच डी२ मऊ राहतं किंवा धारेला दाते पडू लागतात. चांगल्या कारखान्यात डी२ची कठीणता रॉकवेल सी मापावर ५९ ते ६१ ठेवतात, ८सीआर१३एमओव्हीची ५७ ते ५९. कठीणता मोजायचं यंत्र घरी नसतं, पण पितळेची साधारण ६ मिमी जाडीची सळई पुरते. सळई आडवी पक्की बसवा, धार तिच्यावर १५-२० अंशांत टेकवा आणि हलकेच दाबत पातं पुढे सरकवा. उजेडात धारेची कड किंचित वाकून परत सरळ होताना दिसली तर पाणी नीट दिलंय. वाकलेली तशीच राहिली तर पातं मऊ आहे, कण उडाले तर फार ठिसूळ.

ही तपासणी नवाकोरा चाकू काढल्याकाढल्या करू नये. कारखान्यात शेवटची धार फिरत्या पट्ट्यावर, पाण्याशिवाय, काही सेकंदांत काढतात. कड इतकी पातळ असते की तेवढ्यात ती तापून मऊ पडते. स्वस्त चाकूंबद्दलच्या ‘आठवड्यात धार गेली’ या तक्रारींमागे बरेचदा हेच असतं. एकदा-दोनदा नीट धार लावून ती मऊ कड घासून काढली की खालचं चांगलं पोलाद वर येतं आणि तोच चाकू पुढे वेगळा वागतो. म्हणून असा चाकू घेताना सोबत धार लावायच्या ४०० (भरड) आणि १००० (बारीक) ग्रिटच्या डायमंड प्लेट हव्यात. डी२चे कार्बाइड नैसर्गिक दगडाला दाद देत नाहीत, तासभर घासूनही कड नुसती गुळगुळीत होते.

कोन प्रत्येक बाजूला १८ अंश ठेवा. डोळ्याला अंदाज येत नसेल तर मापाने धरा: पातं २५ मिमी रुंद असेल तर पात्याची पाठ प्लेटपासून सुमारे ८ मिमी उचललेली हवी, २० मिमी रुंद असेल तर ६ मिमीच्या थोडं वर. ४०० वर एक बाजू इतकी घासा की दुसऱ्या बाजूला टोकापासून मुठीपर्यंत सलग बर, म्हणजे कडेवर उलटलेली धातूची पातळ कोर, बोटाला लागेल. मग बाजू बदला. बर लागलाच नाही तर धार अजून कडेपर्यंत पोहोचलेली नाही, तोवर पुढच्या प्लेटवर जाऊन उपयोग नाही. १००० वर दाब निम्मा करा आणि शेवटी एकेका बाजूला एकेक असे अगदी हलके फटके मारा. ८सीआर१३एमओव्हीचा बर चिवट असतो, लोंबत राहतो. कागद सुंदर कापला आणि पहिल्या टोमॅटोनंतर धार गायब झाली, तर तो बरच कापत होता असं समजा. जुन्या चामडी पट्ट्यावर पातं मागे ओढलं की तो निघतो.

धारेमागची जाडी व्हर्नियरने मोजता येते. धारेचा चकाकता पट्टा जिथे संपतो तिथे ०.४ ते ०.५ मिमी असेल तर खोकी आणि फळं दोन्ही सहज कापली जातात. ०.८ मिमीच्या पुढे गेलं की धार कितीही तेज असो, गाजर कापलं न जाता तडकून फुटतं. ओपिनेल इथे सगळ्यांना मागे टाकतो. त्याचं पातं पाठीलाही दोन मिलिमीटरहून पातळ आहे आणि धारेकडे ते अगदी निमुळतं होत जातं. कांदा, सफरचंद, पाव यांसाठी याच्या जवळपास जाणारा चिनी चाकू मला या किमतीत दिसला नाही. दुखणं एकच: मूठ बीच लाकडाची. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पातं आत अडकून बसतं. बिजागरीच्या फटीत लिक्विड पॅराफिन किंवा जवसाचं तेल मुरवून ठेवलं तर फुगणं कमी होतं, थांबत नाही. गंजणाऱ्या ‘कार्बोन’ ऐवजी ‘इनॉक्स’ (स्टेनलेस) पातं घ्यावं हे वेगळं सांगायला नको.

लॉकच्या बाबतीत मात्र तडजोड करू नये, कारण तो सुटला तर पातं बोटांवर मिटतं. लायनर लॉक (मुठीच्या आतल्या पातळ पत्र्याचा) आणि फ्रेम लॉक (मुठीच्या बाजूच्याच पत्र्याचा) यांत पत्र्याची एक पट्टी आत सरकून पात्याच्या बुडाला टेकते. नवीन चाकूत ती बुडाच्या रुंदीच्या साधारण २५ ते ५० टक्के आत यावी. कमी असेल तर धक्क्याने सुटू शकते. आत्ताच पार पलीकडे गेली असेल तर झिजायला जागा उरलेली नाही, थोड्या महिन्यांत पातं खुळखुळू लागेल. तपासताना चाकू पूर्ण उघडा, बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवा आणि पात्याची पाठ लाकडी टेबलावर हळूहळू दाबा. पट्टी जागची हलली तर परत पाठवा. टेबलावर पाठ आपटून पाहण्याचा प्रकार करू नका, त्याने चांगला लॉकही बिघडतो. ७०१० चा फ्रेम लॉक जाड पोलादी पट्टीचा आहे आणि मुठीच्या पकडीनेच तो आत दाबला जातो, म्हणून तो मला पातळ लायनरपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. आडव्या दांडीच्या लॉकला दोन बारीक तारेच्या स्प्रिंगा असतात. एक तुटली तरी दुसरीवर लॉक चालत राहतो, मात्र दांडी एका बाजूला ढिली लागली की स्प्रिंग गेली हे ओळखावं. आणि लॉक कुठलाही असो, घडीच्या चाकूचं टोक खुपसून भोक पाडू नये. ते काम टोच्याचं आहे.

मिटलेला चाकू टोक खाली करून झटका द्या. पातं बाहेर डोकावलं तर ते मिटलेलं धरून ठेवणारी लहान गोळी नीट बसलेली नाही. असा चाकू खिशात ठेवणं धोक्याचं.

आल्या दिवशीच करायचं काम: कोमट पाण्यात साबण घालून बिजागरी धुवा, कारण आत पॉलिशची काळी भुकटी राहिलेली असते. पूर्ण वाळवा, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. फळं कापणार असाल तर त्याऐवजी औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन. खोबरेलही चालतं, पण थंडीत गोठून बिजागरी जड करतं. बिजागरीचा स्क्रू बहुधा टी८ टॉर्क्सचा (चांदणीच्या आकाराच्या खाचेचा) आणि खिशाला अडकवायच्या क्लिपचे टी६चे असतात. टी६चं डोकं इतकं उथळ असतं की हलक्या प्रतीच्या बिटने पहिल्याच पिळाला ते गोल होतं. आत गोंद लावलेला असतो, म्हणून आधी सोल्डरिंग गनचं टोक स्क्रूवर अर्धा मिनिट टेकवा, मग पिळा. परत बसवताना निळा थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) टूथपिकने लावा. बिजागरी एका वेळी वर्तुळाच्या आठव्या भागाहून जास्त फिरवू नये. पातं डावी-उजवीकडे हलायचं थांबलं आणि तरी अडखळत नाही, ती जागा अगदी अरुंद असते.

बेअरिंगचे चाकू बोटाच्या एका टिचकीने उघडतात आणि त्यावरच लोक भाळतात. शेतात, वाळूत, सिमेंटजवळ काम असेल तर मात्र साधे ब्राँझचे वॉशर घ्या. बेअरिंगमध्ये माती गेली की करकर सुरू होते आणि पूर्ण उघडल्याशिवाय जात नाही. पोलादी गोळ्या गंजतातही, सिरॅमिकच्या गंजत नाहीत. ठिबकच्या नळीवर धार जाते ती प्लास्टिकमुळे नव्हे, नळीला चिकटलेल्या मातीमुळे. कापण्याआधी फडक्याने पुसली तर धार कितीतरी जास्त पुरते. फणस कापायचा तर पात्याला आधी तेल चोळा आणि चीक बिजागरीपर्यंत जाऊ देऊ नका. आंब्याच्या कलमांसाठी यातला एकही चाकू नको. कलमाला एका बाजूने सपाट असलेलं पातं लागतं, नाहीतर काप सरळ येत नाही आणि काडी खुंटाला नीट टेकत नाही.

हजार रुपयांच्या आतल्या, कंपनीचं नाव नसलेल्या, स्प्रिंगने फाडकन उघडणाऱ्या काळ्या चाकूंच्या वाटेला जाऊ नये. त्यांचे लायनर पातळ असतात, पोलादाचं नाव नसतं, स्क्रू मऊ असतात. तेवढ्याच पैशांत व्हिक्टोरिनॉक्सचा छोटा चाकू मिळत असेल तर तो घ्यावा. लॉक नसेल, पण पाणी प्रत्येक पात्याला सारखंच दिलेलं असतं.

कायद्याचं नीट पाहून घ्या. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची शस्त्रं येतात, घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेली सोडून. त्यामुळे ३ इंची चाकू घरी असण्यात अडचण नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१च्या कलम ३७ खाली सणासुदीला किंवा निवडणुकीत मनाई आदेश निघतात, आणि त्यांत सुऱ्यांचाही समावेश असतो. त्या दिवसांत चाकू घरीच ठेवावा. विमानात केबिनमध्ये चालत नाही, चेक-इन सामानात गुंडाळून ठेवावा. परदेशातल्या नातेवाइकांसाठी नेणार असाल तर ब्रिटनमध्ये ३ इंचांपर्यंत धार असलेला, लॉक न होणारा घडीचा चाकू सोबत बाळगायला कारण लागत नाही, लॉक होणाऱ्याला सबळ कारण द्यावं लागतं. जर्मनीत एका हाताने उघडून लॉक होणारा चाकू सार्वजनिक जागी सबळ कारणाशिवाय जवळ ठेवण्यास बंदी आहे. या लेखातले चिनी चाकू त्यातच मोडतात, तेव्हा तिकडे न्यायचा तर लॉक नसलेला, नखाने उघडायचा चाकू निवडा.