बरगड्यांच्या ऑपरेशननंतर पाठीतला ब्लॉक, बाबांचा अनुभव (बडोदा)

आम्ही दांडिया बाजारातले. बाबा ६९ वर्षांचे, स्कूटरवरून पडले आणि डावीकडच्या चार बरगड्या मोडल्या, जागेवरून सरकल्या म्हणून प्लेटा बसवायचं ठरलं. हॉस्पिटलचं नाव देत नाही, रिव्ह्यू ब्लॉकचा, म्हणजे दुखू नये म्हणून नसा बधिर करायच्या इंजेक्शनचा आहे.

ऑपरेशनआधीचे दोन दिवस फार वाईट गेले. दुखण्याची इंजेक्शनं दिली की गुंगी आणि उलट्या, नाही दिली तर श्वास अर्धवट, खोकायचं म्हटलं की चेहरा पांढरा. कफ साठून न्यूमोनिया होईल हीच भीती.

आदल्या संध्याकाळी भूलवाल्या मॅडम आल्या, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का विचारलं आणि म्हणाल्या, पूर्ण भूल देणारच पण सोबत इरेक्टर स्पायनी ब्लॉक देऊ. मला वाटलं मणक्यात सुई, घाबरलेच. तर तसं नाही, सोनोग्राफीत बघत मणक्याच्या बाजूच्या हाडाच्या टोकाशी, स्नायूखाली औषध सोडतात, ते वरखाली पसरतं आणि बरगड्यांच्या नसा बधिर होतात. पद्धत २०१६ मध्ये आली म्हणजे तशी नवीनच. एक डोस काही तासच टिकतो, म्हणून बारीक नळी ठेवून पंपाने रोपिवाकेन हे बधिर करायचं औषध चालू ठेवलं. तोंडाभोवती मुंग्या आल्या किंवा कानात आवाज आला तर लगेच सांगा असं बजावलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर म्हणाली, काका, ऊंडो श्वास लो (खोल श्वास घ्या), आणि बाबांनी त्या तीन बॉलच्या यंत्रात दोन बॉल वर नेले!! उशी छातीशी धरून खोकलेसुद्धा, कफ सुटला. मला रडूच आलं. दुखणं शून्य नव्हतं हां, खांदा ठणकत होता, पॅरासिटामॉल चालूच होतं.

तक्रार एकच पण मोठी. दुसऱ्या रात्री तीनला पंपातलं औषध संपलं, बीप बीप चालू, आणि वॉर्डात कोणाला काही माहीत नाही, सलाईनचा आवाज असेल म्हणाले. डॉक्टर येईपर्यंत दीड तास बाबा पलंगाची दांडी धरून बसलेले, परत तोच अर्धवट श्वास. ब्लॉक किती काम करत होता ते तेव्हा कळलं.

ब्लॉकला पाचपैकी पाच, रात्रीच्या व्यवस्थेला दोन. कोणाच्या छातीचं ऑपरेशन असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच ब्लॉकचं विचारा, आणि रात्री पंप कोण भरणार त्याचं नाव नंबर लिहून घ्या.