एमजीबी घेताना आधी दाराखालचा पत्रा पाहा, इंजिन नंतर

एमजीबी ही एमजी कंपनीची ब्रिटिश स्पोर्ट्स कार 1962 ते 1980 या काळात इंग्लंडातल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनली. पाच लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. जुनी स्पोर्ट्स कार पहिल्यांदाच घेणाऱ्याला हिच्याइतकी सोयीची गाडी दुसरी सापडणं कठीण आहे. यंत्रणा साधी, पान्हे साधे आणि जवळपास प्रत्येक सुटा भाग आजही नवा मिळतो. ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीनं तर 1988 पासून अख्खी नवी बॉडी बनवून विकायला सुरुवात केली.

भविष्यातल्या भावाचं गणितही इथेच आहे. गाडी दुर्मिळ नाही, त्यामुळे भाव आभाळाला भिडत नाही. सुटे भाग मुबलक आहेत, त्यामुळे चांगली गाडी मातीमोलही होत नाही. मात्र गंजलेली रोडस्टर, म्हणजे उघड्या छपराची एमजीबी, पायापासून उभी करायला जो खर्च येतो, तो तयार गाडीच्या बाजारभावाच्या पुढे जातो. म्हणून दुसऱ्यानं आधीच खर्च केलेली गाडी घ्यावी. स्वस्तातली ‘थोडं काम बाकी आहे’वाली गाडी घेऊ नये, ते थोडं काम नेहमी पत्र्याचंच निघतं.

पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत दाराखालून जाणारी पोलादी पेटी म्हणजे सिल. एमजीबीला वेगळी चासी नाही. रोडस्टरला छप्परही नसल्यामुळे गाडीचा सगळा ताण या दोन सिल पेलतात. आत तीन थर असतात: बाहेरची सिल, मधला उभा पत्रा आणि आतली सिल, शिवाय खाली एक पट्टी. पुढच्या मडगार्डच्या मागच्या पोटात चिखल साठतो, तिथला आडवा पत्रा सडतो आणि पाणी सिलमध्ये उतरतं. गंज आतून बाहेर येतो. बाहेर फोड दिसेपर्यंत मधला पत्रा गेलेला असतो.

तपासायची पद्धत सोपी आहे. दार बंद करून भोवतीची फट बघावी, ती वर आणि खाली सारखी हवी. मग मालकाची परवानगी घेऊन गाडी एका बाजूनं जॅकवर घ्यावी आणि पुन्हा बघावी. फट वर मिटत असेल किंवा दार उघडताना अडकत असेल, तर गाडी मधोमध वाकते आहे. तिथेच बोलणी थांबवावीत. दुसरी खूण सांध्याची. मडगार्डचं खालचं टोक सिलला मिळतं तिथे उभा सांधा दिसायला हवा. चाकापासून चाकापर्यंत सलग गुळगुळीत पत्रा दिसला तर सडक्या सिलवर नवं आवरण ठोकलेलं असण्याची दाट शक्यता आहे. कापडात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक मडगार्डच्या खालच्या वीतभर भागावर आणि मागच्या चाकाच्या कमानीवर फिरवावं. जिथे ते धरत नाही तिथे पत्रा नाही, पुटी भरलेली आहे.

सिल बदललेली असेल तर कामाचे फोटो मागावेत. नीट काम करणारा डेंटर कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी पट्टी वेल्ड करून बॉडी जखडतो आणि गाडीला पुढच्या-मागच्या बाजूनं योग्य आधार देतो. मधोमध जॅक लावून सिल जोडली तर बॉडीत आलेला बाक कायमचा वेल्ड होऊन बसतो. मग दाराच्या बिजागऱ्या कितीही हलवल्या तरी फट जुळत नाही.

पत्र्यात आणखी तीन ठिकाणं बघावीत. दाराच्या काचेपुढच्या तिकोनी खिडकीच्या पायाशी पत्र्याला चीर जाते, हे या गाडीचं जुनंच दुखणं. सीटमागच्या बॅटरीच्या पेट्या खालून गंजतात. पेट्रोलच्या टाकीचा वरचा सपाट पत्रा डिकीखाली ओल धरून बसतो. टाकी भरलेली असताना पेट्रोलचा वास आला तर कारण बहुधा तेच असतं.

इंजिन 1798 सीसीचं, ओतीव लोखंडाचं आणि सहनशील. 1964 च्या उत्तरार्धापासून क्रँकला, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्याला, तीनऐवजी पाच बेअरिंग आली, तेच इंजिन जास्त टिकतं. इंजिन पूर्ण तापवून ऑइलच्या दाबाचा काटा पाहावा: रस्त्यावर पन्नास पीएसआयच्या आसपास आणि आयडलला पंधराच्या वर हवा. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची, हलकी टकटक चालते, उलट संपूर्ण शांतता असेल तर तिथला गॅप कमी ठेवलेला असतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. आयडल वरखाली होत असेल तर एसयू कार्बोरेटरच्या थ्रॉटल दांड्या झिजून हवा ओढत असतात. ते दुरुस्त होतं, त्यावरून फक्त भाव पाडून घ्यावा.

पुढच्या चाकांच्या किंगपिनला, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या उभ्या पिनला, दर 3,000 मैलांना ग्रीस लागतं, प्रत्येक बाजूला ग्रीस भरायची तीन निपल. हे बहुतेक मालक विसरतात. चाक उचलून वर-खाली धरून हलवावं. खडखड जाणवली की दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावा: खडखड थांबली तर दोष बेअरिंगचा, तशीच राहिली तर किंगपिनचा. तारांची चाकं असतील तर हबवरचे दाते हातानं चाचपावेत. टोकं सुरीसारखी धारदार झाली असतील तर हब आणि चाक दोन्ही बदलावी लागतात. गिअर टाकताना मागून येणारा ठक् आवाज तिथला असतो किंवा डिफरन्शियलमधल्या झिजलेल्या वॉशरचा.

ओव्हरड्राइव्ह, म्हणजे गिअरबॉक्सला जोडलेला जादा वरचा गिअर, असलेली गाडीच घ्यावी. लांबच्या रस्त्यावर इंजिनाचे फेरे कमी होतात आणि विकतानाही तिला गिऱ्हाईक आधी मिळतं. ओव्हरड्राइव्ह लागत नसेल तर आधी गिअरबॉक्समधलं ऑइल, मग वायर आणि मग तो गिअर विजेवर लावणारा सोलेनॉइड तपासावा. बहुतेकदा दोष यातच सापडतो.

आता कुठली एमजीबी भाव धरून राहील ते. क्रोम बंपरची रोडस्टर सगळ्यांत वर. सुरुवातीची, दाराला ओढायची मूठ असलेली मूळ रूपातली गाडी त्यातही पुढे. बंद छपराची, पिनिनफारिनाच्या हाताची जीटी तिच्याहून स्वस्त मिळते. वापरणाऱ्यासाठी खरी किफायत तीच आहे, कारण छपरामुळे बॉडी ताठ राहते. सप्टेंबर 1974 नंतर अमेरिकी नियमांसाठी काळे रबरी बंपर आले आणि गाडी थोडी उंच केली गेली. या गाड्या भावात मागेच राहिल्या आहेत. बंपर बदलून क्रोमची केलेली गाडी दिसायला छान दिसते, पण तिला क्रोमचा भाव देऊ नये. कारखान्याची जीटी व्ही8 फक्त 2,591 बनली. दुर्मिळतेचा खरा आधार असलेली ती एक. तिचा चासी नंबर जी-डी-2-डी-1 ने सुरू होतो. व्ही8 रोडस्टर कारखान्यानं विकलीच नाही, त्यामुळे तशी गाडी म्हणजे नंतर केलेला बदल. साध्या रोडस्टरचा नंबर जीएचएननं आणि जीटीचा जीएचडीनं सुरू होतो. जीएचएननंतरच्या आकड्यानंतर ‘यू’ असेल तर गाडी अमेरिकेसाठी बनलेली. तिथल्या कोरड्या हवेच्या राज्यांतून ब्रिटनला परतलेल्या अशा गाड्यांचा पत्रा अनेकदा उत्तम असतो, फक्त स्टिअरिंग उजवीकडे आणताना काम कसं झालं ते बघावं.

कागदात इंग्लंडातल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून मिळणारं हेरिटेज सर्टिफिकेट मागावं. त्यावर मूळ रंग, इंजिन नंबर आणि गाडी कुठे पाठवली ते असतं. ब्रिटनमधल्या गाडीचा एमओटी, म्हणजे वार्षिक तपासणीचा, इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो, जुन्या नोंदींत ‘सिल गंजलेली’ असा शेरा शोधावा. चाळीस वर्षांपुढच्या गाडीला रस्ता कर आणि एमओटी दोन्ही माफ आहेत, म्हणून विकणाऱ्याला नव्यानं एमओटी करून द्यायला सांगावं. नकार मिळाला तर समजायचं ते समजावं. तिथे खासगी मोटार विकून झालेल्या नफ्यावर भांडवली नफ्याचा करही लागत नाही. विमा मात्र कंपनीशी आधी ठरवून घेतलेल्या किमतीचा घ्यावा, नाहीतर अपघातानंतर सामान्य जुन्या गाडीचाच भाव हाती पडतो.

भारतात 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपुढची मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते: फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’. क्रोम बंपरच्या सगळ्या एमजीबी आता या वयात बसतात. मात्र रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला ही नोंदणी चालत नाही. परदेशातून आणायची असेल तर आयातशुल्क आणि पुढे विकण्यावरच्या अटी कस्टम्स एजंटकडून पैसे भरण्याआधी लेखी घ्याव्यात. पुण्या-मुंबईत मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं जुने रबरी होज मऊ पडून फुगतात. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे इथेनॉल सोसणाऱ्या होजनी बदलावेत आणि तीन-चार महिने गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करावेत. पावसाळ्यात गाडीवर प्लॅस्टिकचं आवरण टाकू नये, आत ओल कोंडते. सुती कापड टाकावं आणि सिलच्या खालची पाणी जायची भोकं तारेनं मोकळी ठेवावीत.