छोटा बिघाड दाखवून मोठा लपवला: जुनी गाडी घेताना माझी झालेली फसवणूक

मी अमळनेर तालुक्यातला. गेल्या वर्षी घरात भाव वाढायची वाट बघत ठेवलेला कापूस मार्चअखेर विकला आणि त्या पैशांत जुनी गाडी घ्यायचं ठरलं. आईचे गुडघे गेलेत. तिला महिन्यातून दोनदा धुळ्याला दवाखान्यात न्यावं लागतं, आणि एसटीची पायरी तिला चढवत नाही. गाडीची हौस म्हणून नाही, या गरजेपोटी आम्ही घराबाहेर पडलो.

हायवेवरच्या एका गाडीबाजारात 2012 ची सात सीटर डिझेल पसंत पडली. नाशिक पासिंग, रंग चांगला, सीट कव्हर नवं कोरं. दुपारचा एक वाजला होता. बॉनेटला हात लावला तर चटका बसला. एप्रिलचं ऊन, पत्र्यावर भाकरी भाजेल असं, म्हणून मी त्याचा विचारच केला नाही. ऊन पत्रा तापवतं, आतलं इंजिन तापवत नाही. बॉनेट उघडून आत हात धरला असता तर लगेच कळलं असतं की गाडी आम्ही येण्याआधी अर्धा-पाऊण तास चालवून ठेवलेली आहे.

दलालाने गाडी सुरू केली आणि तो स्वतःच खाली वाकला. पुढच्या चाकामागे फरशीवर रुपयाएवढा लालसर डाग होता. त्याने बोट लावून दाखवलं. “दादा, लपवायचं कशाला? पॉवर स्टेअरिंगचं ऑइल टपकतंय. पाइपची क्लिप ढिली आहे, चारशे रुपयांचं काम. हेच ऑइल सायलेन्सरवर पडतं, म्हणून थोडा धूर दिसेल. घाबरू नका.” वर त्यासाठी म्हणून किमतीत पाच हजार कमी केले.

आम्ही तिथेच विरघळलो. माझा मोठा भाऊ तर म्हणाला, “माणूस सरळ आहे, नाहीतर कोण सांगतं?” सौदा 3,25,000 ला ठरला. 50,000 फोनवरून दिले, बाकी रोख. पावती मिळाली ती 50,000 चीच. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर मूळ मालकाच्या सह्या आधीच घेतलेल्या होत्या, तो माणूस आम्ही पाहिलाही नाही. करारात “गाडी आहे त्या स्थितीत तपासून घेतली” असं वाक्य होतं. मी ते वाचलं आणि सही केली.

त्या दिवशी एक प्रश्न विचारायला हवा होता. स्टेअरिंगचं ऑइल सायलेन्सरच्या गरम पाइपावर पडलं तर धूर निघतो, हे खरं आहे. पण तो निघतो बॉनेटच्या फटीतून, गाडीच्या पोटाखालून. पाइपाच्या बाहेर पडलेलं तेल पाइपाच्या आत जाऊन मागच्या नळीतून कसं बाहेर येईल? मागून येणारा धूर इंजिनच्या आतूनच येतो. दलालाने एकाच वाक्यात दोन वेगळे धूर एक करून टाकले, आणि आम्ही दोघे भाऊ मान डोलावत राहिलो.

गावी आल्यावर क्लिपच काय, स्टेअरिंग ऑइलचा अख्खा पाइप बदलला. खर्च 1,800. तिसऱ्या दिवशी डाग पुन्हा हजर. तरी चैत्रात देवीच्या दर्शनाला जायचं ठरलेलंच होतं. खानदेशात घरातली पहिली गाडी सप्तशृंगी गडावर नेल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. आई, बायको, दोन्ही मुलं, भाऊ-वहिनी असे धुळे, मालेगाव, कळवण करत निघालो. लळिंगच्या चढावर मागच्या ट्रकवाल्याने दिवे मारले. आरशात पाहिलं तर मागे निळसर पडदा. नांदुरीचा घाट लागला तशी प्रत्येक वळणावर स्टेअरिंग कण्हायला लागलं, आणि एका वळणावर ते एकदम जड झालं. समोरून एसटी येत होती. भावाने आणि मी दोघांनी मिळून चाक ओढलं. आई मागे नाव घेत बसली होती. तो क्षण आठवला की अजून हाताला घाम येतो.

गडावरून परतताना पारोळ्याला एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गाडी दाखवली. त्याने आधी गाडी बंद ठेवायला लावली आणि आम्हाला म्हणाला, रात्रभर इथेच राहू द्या, सकाळी थंड इंजिनवर बघतो. सकाळी सहाला त्याने स्वतः चावी फिरवली. मागून निळ्या धुराचा असा लोट निघाला की शेजारच्या टपरीवाल्याने दूध झाकलं. मिस्त्री अहिराणीत म्हणाला, “दादा, हाऊ धूर स्टेअरिंगना नही शे, इंजिन ऑइल पी ऱ्हायनं.”

मग त्याने एकेक करून दाखवलं. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल केलं आणि तसंच तोंडावर ठेवलं. थोडी हवा कुठल्याही डिझेल इंजिनात येते, पण इथे झाकण थडथड नाचत होतं आणि कडेने धुराचे भपके येत होते. म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या, दाब खाली गळतोय. पांढरा रुमाल सायलेन्सरच्या तोंडाशी धरला, त्यावर काळे तेलकट शिंतोडे. डिपस्टिक काढली तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली, आणि बोटावर घेतलं तर मधासारखं घट्ट. दाट ऑइल आणि धूर दाबायचं औषध घालून इंजिन तात्पुरतं गप्प केलेलं होतं. अशा ऑइलवर गरम इंजिन दोन-तीन आठवडे बरं वागतं. धुराचा रंग बघायला त्याने तिथेच शिकवलं: निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, आणि पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल, त्याला गोडसर वास असेल, तर कूलंट आत जातंय.

स्टेअरिंगचं दुखणंही क्लिपचं नव्हतंच. त्याने गाडी जॅकवर घेऊन नीट टेकू लावले, मला स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला सांगितलं आणि स्वतः टॉर्च घेऊन बाजूने खाली बघत राहिला. चाक पूर्ण वळलं की ऑइलचा दाब सगळ्यात जास्त होतो, गळती तेव्हाच पकडता येते. रॅक म्हणजे स्टेअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा भाग, त्याच्या टोकाला जो रबरी बूट असतो त्याची पट्टी सोडताच आतून कपभर लाल ऑइल भळकन सांडलं. रॅकचं सील गेलेलं. बूट ते साठवत होता, म्हणून खाली थेंबच दिसायचे. आणि हे ऑइल खरोखरच गरम पाइपावर पडत होतं. ते पेटूही शकतं, हे ऐकल्यावर घाटातली मुलं डोळ्यांसमोर आली.

अंदाज दिला: इंजिनकाम 85,000, रॅक 11,000.

दलालाकडे गेलो तर त्याने करारातल्या त्या वाक्यावर बोट ठेवलं. “गळतं हे मी सांगितलं होतं ना?” हो, सांगितलं होतं. म्हणूनच तर आम्ही पुढचं काही तपासलं नाही. विम्याच्या जुन्या कागदावरून मूळ मालकाचा नंबर मिळाला. तो बिचारा सरळ बोलला, “इंजिन ऑइल खात होतं म्हणूनच मी कमी भावात दिली, त्यांना सगळं सांगून दिली.” हा फोन सौदा करण्याआधी केला असता तर पाच मिनिटांत सगळं उघडं पडलं असतं. जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला माझी हात जोडून विनंती आहे, मूळ मालकाशी बोलल्याशिवाय पैसे देऊ नका. जो दलाल नंबर द्यायला टाळतो, त्याच्याकडे थांबू नका.

आता 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, मिस्त्रीकडून लेखी अहवाल घेतला आहे आणि वकिलांमार्फत नोटीस गेली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. अडचण एकच, रोख दिलेल्या 2,75,000 चा कागद माझ्याकडे नाही. बायकोने कापूस विक्रीच्या पट्ट्या आणि बँकेतून पैसे काढल्याच्या नोंदी एकत्र करून फाइल केली आहे.

मागच्या महिन्यात माझा चुलतभाऊ धरणगावकडे एक गाडी बघायला निघाला. मी म्हटलं, न सांगता जा आणि सकाळी सातच्या आत पोच. बाजाराचं गेट नुकतंच उघडलं होतं. त्याने बॉनेट उचलून आत हात धरला. इंजिन गरम होतं. तो तिथूनच परत फिरला.