महिन्याचं इन्सुलिन : कुठल्या काउंटरवर खरंच किती वाचतं?

एका घरात महिन्याचं इन्सुलिन पाचशे रुपयांत बसतं आणि शेजारच्या घरात त्याच डोसचं बिल अडीच हजारांवर जातं. दोघं एकाच मेडिकलमधून घेत असले तरीही. फरक दुकानाचा नसतो, खोक्यावर काय लिहिलंय त्याचा असतो. म्हणून जनऔषधी, सरकारी दवाखाना, कोपऱ्यावरचं मेडिकल आणि विमा या सगळ्यांची झडती घेण्याआधी खोकं हातात घ्या आणि एका युनिटला किती पैसे पडतात ते काढा.

आपल्याकडे मानवी इन्सुलिनची (शरीरातल्यासारखंच बनवलेलं, जुन्या प्रकारचं) साधी व्हायल १० मिलीची असते आणि तिच्यावर ‘४० आययू/मिली’ लिहिलेलं असतं. म्हणजे एका मिलीत ४० युनिट आणि बाटलीत ४००. तिची कमाल किंमत एनपीपीए ही औषधांच्या किमती बांधणारी केंद्राची संस्था ठरवते आणि दर एप्रिलला ती घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे थोडी सरकते. दीडशे-पावणेदोनशेच्या आसपास धरून चाला. १६० रुपयांना मिळाली तर युनिटला ४० पैसे पडतात. पेनचं कार्ट्रिज ३ मिलीचं, १०० आययूचं, म्हणजे ३०० युनिटचं. ॲनालॉग, म्हणजे रचनेत थोडा बदल केलेल्या नव्या प्रकारच्या इन्सुलिनचं एक कार्ट्रिज ६०० रुपयांना धरलं तर युनिटला २ रुपये. पाचपट.

पेनमध्ये आणखी एक गळती असते, ती बिलावर दिसत नाही. प्रत्येक वेळी टोचण्याआधी २ युनिट हवेत सोडून सुई तपासायची असते, आणि ती तपासायलाच हवी. दिवसातून दोनदा टोचत असाल तर महिन्याला १२० युनिट तिथेच गेले. सकाळी २० आणि रात्री १४ असा डोस धरा. महिन्याला १०२० युनिट लागतात. व्हायलच्या हिशेबात ३ बाटल्या, सुमारे ४८० रुपये. पेनच्या हिशेबात १०२० अधिक १२०, म्हणजे ४ कार्ट्रिज, २४०० रुपये.

मग सगळ्यांनीच व्हायल घ्यावी का? नाही. उघडलेली व्हायल साधारण चार आठवडेच वापरायची असते. नेमकी मुदत खोक्यातल्या कागदावर असते. ज्याचा डोस दिवसाला १० युनिट आहे त्याची ४०० युनिटची बाटली ४० दिवस पुरेल, पण २८ दिवसांनी १२० युनिट टाकून द्यावे लागतील. हात थरथरणाऱ्याला किंवा नजर अधू झालेल्याला सिरिंजवरच्या बारीक रेषा दिसत नाहीत; त्याच्यासाठी पेनचे जास्तीचे पैसे वाया जात नाहीत. आणि रात्री शुगर उतरते म्हणून डॉक्टरांनी मुद्दाम ग्लार्जिनवर (दिवसभर हळूहळू काम करणारं ॲनालॉग) घातलं असेल, तर पैसे वाचवायला स्वतःहून ३०/७० वर (३० टक्के जलद आणि ७० टक्के मंद मानवी इन्सुलिनचं मिश्रण) यायचं नाही. डॉक्टरांना सरळ विचारा : “मला ४० आययूच्या व्हायलवर येता येईल का? डोस किती, आणि जेवणाआधी किती वेळ?” मानवी ३०/७० जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावं लागतं, जलद किंवा मिश्र ॲनालॉग जेवायला बसताना चालतं. हा अर्धा तास विसरला की शुगर बिघडते आणि दोष बिचाऱ्या स्वस्त बाटलीवर येतो.

स्वस्ताईच्या वाटेवर सगळ्यात मोठा अपघात होतो तो सिरिंजमध्ये. ४० आययूच्या व्हायलला लाल टोपीची यू-४० सिरिंज, १०० आययूच्या व्हायलला केशरी टोपीची यू-१००. लाल आणि केशरी, तेही मेडिकलच्या ट्यूबलाइटखाली; चूक सहज होते. ४० आययूचं औषध केशरी सिरिंजमध्ये २० च्या रेषेपर्यंत भरलं तर अंगात जातात ८ युनिट. उलट केलं, १०० आययूचं औषध लाल सिरिंजमध्ये २० पर्यंत भरलं, तर जातात ५०. पहिल्या चुकीत शुगर चढत राहते, दुसरीत माणूस बेशुद्ध पडतो. ग्लार्जिनच्या काही व्हायल आपल्याकडेही १०० आययूच्या येतात, तेव्हा ‘बाटली म्हणजे लाल टोपी’ हा नियम चालत नाही. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा, दोन्ही जुळवा. पेनची सुई वाचवायला कार्ट्रिजमधून लाल सिरिंजनं औषध ओढायची युक्ती काही घरांत चालते. ती आजच बंद करा.

व्हायलवाल्यांना सिरिंजचा खर्च जड जातो. १० रुपयांची एक धरली तर दिवसाला दोन म्हणजे महिन्याला ६०० रुपये, औषधापेक्षा जास्त. कंपनी एकदाच वापरा म्हणते. पुष्कळ लोक स्वतःची सिरिंज स्वतःच दोन-तीनदा वापरतात, हे डॉक्टरांनाही ठाऊक असतं. तसं करणाऱ्यानं निदान सुई स्पिरिटनं पुसू नये, सुईवरचा गुळगुळीत थर जातो आणि ती जास्त टोचते. दुसऱ्याला तर ती कधीच देऊ नये. बोथट सुईनं एकाच जागी टोचत राहिलं की त्वचेखाली गाठी होतात, गाठीत टोचलेलं इन्सुलिन धड शोषलं जात नाही, शुगर वाढते, मग डोस वाढतो. सुईत वाचवलेले पैसे असे औषधात जातात.

आता काउंटर. जनऔषधी केंद्राचं नाव सगळ्यात आधी निघतं आणि गोळ्यांसाठी ते योग्यच आहे. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, टेल्मिसार्टन, अ‍ॅटोर्वास्टॅटिन या रोजच्या गोळ्यांत तिथं भरपूर पैसे वाचतात. इन्सुलिनच्या व्हायलमध्ये मात्र गोळ्यांसारखी ८०-९० टक्क्यांची तफावत शोधू नका. ब्रँडेड व्हायलची किंमतच मुळात सरकारनं बांधलेली आहे, मग फरक राहणार किती? दुसरी अडचण फ्रीजची. यादीत असणं वेगळं आणि त्या केंद्रात, थंड जागेत, आज असणं वेगळं. ‘जनऔषधि सुगम’ ॲपवर औषध, किंमत आणि जवळचं केंद्र दिसतं, पण निघण्याआधी फोन करून “३०/७०, ४० आययू, आहे का?” एवढं विचाराच. कोणत्याही डॉक्टरांची चिठ्ठी तिथं चालते. आमचा कौल : गोळ्या जनऔषधीतून घ्या, इन्सुलिनसाठी मुद्दाम दोन बस बदलून जाऊ नका.

कोपऱ्यावरच्या मेडिकलला लोक उगाच कमी लेखतात. महिन्याचं ठरलेलं गिऱ्हाईक असेल तर छापील किमतीवर सूट मिळते, मागितली तर. ब्रँडही बदलून मिळतो, म्हणजे डॉक्टरांनी ‘इन्सुलिन ३०/७०’ असं औषधाचं नाव लिहिलं असेल तर. बायोकॉनचं इन्सुजेन, वॉखार्टचं वोसुलिन अशी देशी नावं आहेत. वोसुलिनवाल्या वॉखार्टचा जैवतंत्रज्ञान कारखाना तर आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजचा. ब्रँड बदलल्यावर पहिला आठवडा शुगर जास्त वेळा तपासायची. दुकानाची पारख करायची तर फ्रीजकडे बघा. बाटल्या बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवल्या असतील तर त्या दुकानातून घेऊ नका. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामीच. ३०/७० सारख्या ढगाळ इन्सुलिनची बाटली तळहातांत दहा वेळा फिरवून बघा; गुठळ्या राहिल्या किंवा काचेवर आतून पांढरा थर दिसला तर परत करा. साधं रेग्युलर, म्हणजे नुसतं जलद मानवी इन्सुलिन, पाण्यासारखं नितळच हवं.

ऑनलाइन औषधं मागवली तर सूट बरी मिळते, पण एप्रिल-मेमध्ये विदर्भात डिलिव्हरीवाल्याच्या पिशवीत बाटली किती तास होती हे कोण सांगणार? जेलची थंड पिशवी कोमट होऊन आली तर औषधाचं खोकं न उघडताच परत पाठवा. घरी फ्रीज नसेल तर ओल्या कापडात गुंडाळलेलं मातीचं मडकं आणि आत प्लॅस्टिकच्या डबीत बाटली, हे उन्हाळ्यातही चांगलं काम देतं. चालू बाटली मात्र सावलीत, थंड जागी ठेवली तर बाहेर चालते.

पेन वापरणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं : एका कंपनीचं कार्ट्रिज दुसरीच्या पेनमध्ये बसत नाही. २०२५ मध्ये नोवो नॉर्डिस्कनं मानवी इन्सुलिनची पेन आणि कार्ट्रिज भारतात टप्प्याटप्प्यानं बंद करत असल्याचं सांगितलं, व्हायल चालू ठेवल्या. त्या पेनवरून त्याच मानवी ३०/७० च्या व्हायलवर येताना युनिटचा आकडा बदलत नाही, कारण युनिट ते युनिटच. बदलतं ते साधन : पेनऐवजी बाटलीच्या आकड्याशी जुळणारी सिरिंज.

खिशात काहीच नसेल तर सरकारी दवाखाना. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याची, तिथले नियम वेगळे. खासगी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून इन्सुलिन हातात पडेल ही समजूत चुकीची : केस पेपर काढून तिथल्या डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं. ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात एनसीडी कक्ष (मधुमेह, बीपी अशा असंसर्गजन्य आजारांचा) विचारा आणि जुने रिपोर्ट सोबत न्या. मिळतं ते बहुधा ४० आययूचं मानवी इन्सुलिन. पेनवरून येणाऱ्यानं डोस आणि वेळ तिथंच लिहून घ्यावी. साठा संपण्याची तक्रार नवी नाही, म्हणून शेवटची बाटली निम्मी असतानाच जा. टाइप १ वाल्यानं, म्हणजे ज्याच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही त्यानं, तर एक दिवसही इन्सुलिन बंद ठेवू नये. संपलंच तर ओपीडीची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टीत जावं.

“विमा आहे ना!” हे वाक्य इन्सुलिनपुरतं बहुधा फसवं निघतं. महात्मा फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी ५ लाखांपर्यंत आहे, पण दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी. दर महिन्याची बाटली तिच्यात येत नाही. खासगी मेडिक्लेमचंही तसंच : दाखल झालात तर त्याच्या आधीच्या-नंतरच्या ठरावीक दिवसांची औषधं मिळतात, तीही मूळ बिलं जपली असतील तर. ‘डायबिटीससाठी खास’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पॉलिसीत ओपीडीची रक्कम किती आणि तिच्यात औषधं धरतात का, हे दोनच प्रश्न विचारा. जास्तीचा हप्ता वर्षाच्या इन्सुलिनपेक्षा मोठा निघाला तर ती पॉलिसी इन्सुलिनसाठी तरी नको. आधीपासूनच्या आजाराची प्रतीक्षा २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने, हे मात्र नवीन पॉलिसी घेताना उपयोगी. आणि मधुमेह लपवू नका. क्लेमच्या वेळी तो कागदावर येतोच.

रोजच्या इन्सुलिनला खरोखर उपयोगी पडणारा विमा म्हणजे ईएसआय, कामगार राज्य विमा. महिन्याचा पगार २१ हजारांपर्यंत असणाऱ्या नोंदणीकृत कामगाराला तो लागू होतो आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही दवाखान्यातून औषधं मिळतात. चाकण किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात मुलगा कामाला आणि गावाकडे आई मेडिकलमधून रोखीनं इन्सुलिन घेतेय, अशा घरांनी आधी कार्डावर आईचं नाव आहे का ते बघावं. केंद्र सरकारी पेन्शनरांना सीजीएचएस आणि माजी सैनिकांना ईसीएचएस या सरकारी आरोग्य योजना आहेतच. साताऱ्यासारख्या जिल्ह्यात तर हे दुसरं कार्ड घराघरांत सापडेल.

विमा नसलेल्या साठीपुढच्या माणसाला एक सवलत सहसा कुणी सांगत नाही : जुन्या करपद्धतीत, ज्याला आपण ८०डी म्हणत आलो, त्यात ५० हजारांपर्यंतचा औषधोपचाराचा खर्च वजा होतो. आईवडिलांसाठी मुलगा-मुलगीही ती घेऊ शकते. अट एवढीच की पैसे रोख द्यायचे नाहीत. म्हणून यूपीआय करा आणि नावाचं बिल घ्या.

टाइप १ च्या मुलांसाठी वेगळी दारं आहेत. नागपूरचा ड्रीम ट्रस्ट आणि छत्रपती संभाजीनगरची ‘उडान’ गरजू मुलांना मदत करतात. मूल शाळेत जाणारं असेल तर डॉक्टरांकडून निदानाची चिठ्ठी घेऊन आधी तिथं चौकशी करा, मग मेडिकलचं दार.

मुलाकडे अमेरिकेला सहा महिने जाणाऱ्या आईवडिलांसाठी शेवटचं. व्हिजिटर विम्यात रोजचं इन्सुलिन धरलेलं नसतं, म्हणून पुरेसा साठा हातातल्या बॅगेतून न्या. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं. तिकडे संपलंच तर वॉलमार्टमध्ये रिलायऑन नावाचं मानवी इन्सुलिन बहुतेक राज्यांत चिठ्ठीशिवाय सुमारे २५ डॉलरला मिळतं. आपलं ३०/७० म्हणजे तिकडचं ७०/३०, आकडे उलटे, औषध तेच. मात्र तिथली बाटली १०० आययूची, १००० युनिटची असते. इथून नेलेल्या लाल टोपीच्या सिरिंज तिला चालत नाहीत. बाटलीसोबत तिथल्याच यू-१०० सिरिंजचं पाकीट घ्या आणि लाल टोपीचं पाकीट बॅगेत दुसऱ्या कप्प्यात बांधून ठेवा.