दर्यापुरातली ज्वारीची वेगळी चक्की

ज्यांच्या घरी डॉक्टरांनी गहू बंद केला आहे, त्यांच्यासाठीच हे लिहिते. बाकीच्यांना ही चक्की महाग वाटेल, अन् मालक जरा तिरसटच.

माझ्या दोन्ही लेकरांना सिलिॲक हा आजार आहे. गहू, जव, राय यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनानं आतड्याला इजा होते, म्हणून ही धान्यं आयुष्यभर बंद. ज्वारी, तांदूळ, बाजरी, मका चालतात. पण साध्या चक्कीत गव्हामागून ज्वारी टाकली की दगडात अडकलेली कणीक तिच्यात उतरते. पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' लिहायचं तर किलोमागं 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही. त्या हिशेबानं चिमूटभर कणीकही खूप झाली.

इथं ज्वारी-तांदळाची छोटी चक्की मागच्या खोलीत आहे, दार लावलेलं. ब्रश, चाळणी, पिंप, सगळं वेगळं. कोणी गव्हाचं दळण घेऊन आत शिरलं की मालक तिथूनच ओरडतो. माझ्यासमोर एका बाईंचं सातूचं दळण त्यानं बाहेरच्या चक्कीवर पाठवलं, कारण सातूत गहू असतो. बाईंना राग आला, मला मात्र मालकाचा हाच गुण आवडला. ज्वारी बारीक येते, भाकर थापताना फाटत नाही. तांदूळ थोडा रवाळ येतो. पिसाई गव्हापेक्षा जास्त आहे, पण पाकिटांच्या मानानं काहीच नाही.

मोठीच्या वेळी, 2009 मध्ये, आम्ही नागपूरहून पाकिटंच आणायचो, अन् किंमत बघून तिला एकटीलाच वाढायचो. तिचं दुखणं तरी डोळ्यांना दिसत होतं: सारखी हगवण, फुगलेलं पोट, हातपाय काड्या. घरचे म्हणत जंत झाले. शेवटी दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला. धाकट्याला हगवण कधी लागलीच नाही. उंची खुंटलेली अन् लोहाच्या गोळ्या देऊनही हिमोग्लोबिन हलेना, एवढंच. बहिणीला आहे म्हणून त्याचंही रक्त तपासलं. टीटीजी या अँटिबॉडीचा आकडा मर्यादेच्या दहापटीवर गेला, रक्ताच्या दुसऱ्या नमुन्यात ईएमए ही दुसरी अँटिबॉडीही पॉझिटिव्ह आली, त्यामुळं दुर्बीण लागली नाही. युरोपातल्या बालपोटविकार तज्ज्ञांच्या 2020 च्या नियमांत हे बसतं, असं डॉक्टर म्हणाले. शंका असेल तर तपासणीआधी गहू सोडू नका, रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो.

आता घरात सगळ्यांनाच भाकर. माझ्या सासूबाईंना त्याचं नवल वाटत नाही. त्यांच्या लहानपणी पोळी सणालाच व्हायची.

तक्रारी आहेतच. तराजू एकच, तोही समोर, गव्हाच्या पिठात माखलेला. मी पिशवीचं तोंड बांधूनच वजन करू देते. बाहेर पाटी नाही, त्यामुळं नवख्याला मागची खोली कळतच नाही. लाईट गेली की दुपार वाया. काउंटरवर मसाले विकायला ठेवलेत, त्यातला डबीतला हिंग घेऊ नका. अशा हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं.

शनिवारी बाहेर गर्दी असते, तेव्हा टाळा. ज्वारी घरूनच निवडून न्या. बाजारच्या पोत्यात गव्हाचे दाणे निघतात, अन् ते वेचून द्यायचं काम मालकाचं नाही.