टूसानचा 'मायक्रोरॅप्टर': माझे २,६०० डॉलर गेले, तुमचे जाऊ देऊ नका

२,६०० डॉलर. रोख. फेब्रुवारीत अमेरिकेतल्या टूसानच्या जीवाश्म-खनिज बाजारात, हॉटेलच्या एका खोलीत, पलंगावर मांडलेल्या शिळांमधून मी 'मायक्रोरॅप्टर' उचलला. चीनच्या ल्याओनिंगमधला, बारा कोटी वर्षांपूर्वीचा, हातापायांना चारी पंख असलेला, हवेत तरंगत जाणारा इवलासा डायनोसॉर! किंमत सांगितली ३,२००. सहाशे कमी करून घेतले म्हणून मी खूश.

मी नवखा नाही. चौदा वर्षं जीवाश्म जमवतोय. 'आर्किओरॅप्टर' प्रकरण मला तोंडपाठ आहे. याच टूसानमध्ये ८०,००० डॉलरला गेलेला, १९९९ मध्ये गाजलेला, वेगवेगळ्या प्राण्यांचे तुकडे जोडून बनवलेला दगड. पुढचं धड यानॉर्निस पक्ष्याचं, शेपूट मायक्रोरॅप्टरचं. चिनी जीवाश्मशास्त्रज्ञ शू शिंग यांना त्याच शेपटीची जोडशिळा (दगड उकलल्यावर निघणारा दुसरा भाग) चीनमध्ये मिळाली आणि बिंग फुटलं. दोन्ही पायसुद्धा एकाच पायाचे, दगड उकलल्यावर निघालेले दोन भाग. आरशातल्यासारखे, म्हणून डावा-उजवा शोभतात.

एवढं माहीत असून! उजव्या पायाच्या मधल्या नखाचं टोक तुटलेलं होतं. डाव्याचंही, अगदी तिथेच. मी त्यावरून बोट फिरवलं होतं. तेवढ्यात विक्रेता म्हणाला, "चारला दुसरं गिऱ्हाईक येतंय." मी पाकीट काढलं. दिवसभर उन्हात फिरलो होतो, खोलीत एकच मिणमिणता दिवा होता, कुणीही फसलं असतं. पण ते नख डोळ्यांसमोरून हलत नाही.

घरी अॅसिटोनचा बोळा पिसांवरून फिरवला. बोळा तपकिरी झाला, पिसं गेली. विकणारा बोळा लावू देत नसेल तर तिथूनच उठा. अतिनील टॉर्च खिशात ठेवाच; सांध्यातला गोंद माझ्या टॉर्चखाली लख्ख चमकला, तोही घरी आल्यावर.

पोलीस म्हणाले, दिवाणी वाद आहे. आयोजक म्हणाले, मालाशी आमचा संबंध नाही. बँक म्हणाली, रोखीचं आम्ही काय करणार. पुन्हा पोलिसांकडे गेलो तर उलट मलाच विचारलं, चीनमधून असे जीवाश्म परवानगीशिवाय बाहेर काढता येत नाहीत, मग तुम्ही घेतलाच कसा? म्हणजे खोटा निघाला तर दाद नाही आणि खरा असता तर मीच गुन्हेगार! नऊ आठवडे झाले, एकानेही त्या विक्रेत्याला साधा फोन केलेला नाही. रोख देऊ नका. निर्यातीचे कागद आधी मागा. आणि पावती तिथेच, उभ्या उभ्या वाचा. माझ्या पावतीवर लिहिलंय: 'सजावटीचा दगड, नग १'.